सिगारेट सोडवणाऱ्या सुईची परीक्षा

कानाच्या पाळीत पाच बारीक सुया, अर्धा तास शांत बसणे, आठवड्यातून दोन-तीन बैठका आणि तीन आठवड्यांत सिगारेट बंद. पर्यायी उपचारांच्या जगात धूम्रपानमुक्तीचे हे आश्वासन गेली जवळजवळ पन्नास वर्षे दिले जात आहे. सुईच्या जागी कुठे संमोहन असते, कुठे योगासने, कुठे लेझरचा किरण, तर कुठे वनस्पतीचा अर्क. आश्वासन ऐकणारा माणूस बहुधा थकलेला असतो. स्वतःच्या बळावर सिगारेट सोडून ती त्याला पुन्हा लागलेली असते, औषधांची धास्ती असते आणि घरच्यांसमोर आणखी एकदा हरण्याची लाज वाटत असते. ‘हे सगळे थोतांड आहे’ असे सांगून त्याला वाटेला लावले, तर त्याच्या हाती काहीच पडत नाही. ‘करून बघा, बिघडते काय’ असे म्हटले, तर त्याची धूर ओढण्याची वर्षे वाढू शकतात. म्हणून या उपचारांतला नेमका कोणता भाग काम करतो, किती करतो आणि किती काळ टिकतो, हे सुटे सुटे करून पाहायला हवे. इथे मुख्य उदाहरण कानाच्या अ‍ॅक्युपंक्चरचे घेतले आहे, कारण त्याच्यावर चाचण्याही पुष्कळ झाल्या आणि वादही पुष्कळ झाले.

निकोटीनचे वेळापत्रक

उपचाराकडे जाण्याआधी व्यसनाचा क्रम समजून घ्यावा लागतो. झुरका घेतल्यावर निकोटीन फुफ्फुसांतून रक्तात उतरते आणि दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोचते. ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकासाठी असलेल्या ग्राहींना ते चिकटते आणि त्यातून डोपामीन सुटते. दिवसाला वीस सिगारेटी आणि प्रत्येकीचे दहा झुरके धरले, तर मेंदूला रोज दोनशे वेळा हे बक्षीस मिळते. दुसऱ्या कुठल्याही व्यसनात एका दिवसात इतक्यांदा सराव होत नाही. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्मे होते, त्यामुळे रात्रभरात ते बरेच खाली येते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली सिगारेट लागते, त्याचे व्यसन मुरलेले असते.

सिगारेट बंद केली की काही तासांतच चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणे, झोपमोड, वाढलेली भूक अशी लक्षणे सुरू होतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती टोकाला जातात आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतात. त्यानंतर उरते ती सवय. चहाचा कप, जेवणानंतरची दहा मिनिटे, ऑफिसखालची टपरी, गाडीची वाट पाहणे, साहेबांचा फोन : या प्रत्येक प्रसंगाशी सिगारेट जोडली गेलेली असते आणि हे धागे तीन आठवड्यांत तुटत नाहीत.

या क्रमाचा परिणाम उपचार जोखताना फार महत्त्वाचा ठरतो. तीन-चार आठवड्यांचा कोणताही उपक्रम निकोटीनच्या नैसर्गिक उताराच्या काळातच चालतो. जो माणूस तेवढा काळ टिकला, त्याला शेवटी हलके वाटणारच, मग त्याने सुया टोचून घेतल्या असोत, काढा घेतला असो की काहीच केले नसो. त्या हलकेपणाचे श्रेय शेवटच्या दिवशी समोर असलेल्या उपचाराला मिळते.

दुसरी गोष्ट संख्येची. कसलीही मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्या शंभरांपैकी साधारण तीन ते पाच जण सहा महिने ते वर्षभरानंतरही मुक्त असतात. हे प्रमाण निराशाजनक वाटते, पण उपचारकाच्या खोलीत ते वेगळे दिसते. हजार माणसे ज्याच्याकडे येऊन गेली, त्याला उपचाराचा काडीचाही गुण नसला तरी तीस ते पन्नास यशस्वी माणसे मिळणार. ती पेढे घेऊन येतात, आपल्या भावाला आणि मित्राला पाठवतात. उरलेली साडेनऊशे परत येत नाहीत आणि बहुतेकांची समजूत अशी असते की दोष आपल्याच निर्धाराचा होता. उपचारक प्रामाणिक असूनही त्याचा अनुभव त्याला चकवतो. व्यक्तिगत अनुभवावर विसंबून या प्रश्नाचा निकाल लागत नाही, याचे हे खरे कारण आहे.

भागाकार कशाने करायचा

संमोहनाच्या इतिहासात याचे फार बोलके उदाहरण आहे. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगेल यांनी एकाच बैठकीत सिगारेट सोडवण्याची पद्धत बसवली. पंचेचाळीस मिनिटांत ते माणसाला स्वसंमोहन शिकवत आणि तीन गोष्टी मनात ठसवत : धूर शरीराला विष आहे, जगायला शरीर लागते, आणि त्या शरीराची राखण करणे हे तुमचे देणे आहे. १९७० साली त्यांनी ६१५ जणांचे सहा महिन्यांनंतरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रश्नावलीला उत्तर दिले २७१ जणांनी आणि त्यांतल्या १२१ जणांची सिगारेट सुटली होती. उत्तर देणाऱ्यांच्या संख्येने भागले तर यश ४५ टक्के येते. आलेल्या सर्वांच्या संख्येने भागले तर २० टक्के. स्पीगेल यांनी सर्वांच्या संख्येने भागून २० टक्के हा आकडा दिला आणि त्याबद्दल त्यांचा आदर वाटतो. जाहिरातीत मात्र नेहमी पहिला भागाकार वापरला जातो.

तरीही २० टक्क्यांवर हुरळून जाता येत नाही. स्वतःच्या खर्चाने तज्ज्ञाकडे येणारी माणसे मुळातच अधिक तयारीची असतात, आणि ‘सोडली’ हे त्यांनी सांगितलेले उत्तर तपासलेले नव्हते. पुढे रॉबर्ट वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा चाचण्यांसाठी कठोर कसोटी मांडली. यश किमान सहा महिन्यांनंतर मोजायचे, बोलण्यावर विश्वास न ठेवता श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किंवा लाळेतले कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात बनणारे द्रव्य) तपासायचे, आणि ज्याचा पत्ता लागत नाही त्याने पुन्हा सुरू केली असेच धरायचे. ही शेवटची अट निर्दय वाटेल, पण संपर्क तोडणाऱ्यांत पुन्हा ओढू लागलेलेच जास्त असतात. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात संमोहनावरच्या १४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. इतर वर्तनोपचारांपेक्षा किंवा काहीच न करण्यापेक्षा संमोहनाने सिगारेट अधिक सुटते, असे म्हणण्याइतका पुरावा त्यांत सापडला नाही.

हाँगकाँगची सुई

कानाच्या अ‍ॅक्युपंक्चरची कथा दोन प्रवाहांतून येते. फ्रान्समधल्या ल्योंचे डॉक्टर पॉल नोजिए यांनी १९५० च्या दशकात कानाच्या पाळीवर संपूर्ण शरीराचा नकाशा कल्पिला, उलट्या गर्भाच्या आकाराचा. दुसरा प्रवाह हाँगकाँगचा. तिथले मेंदूशल्यविशारद डॉ. एच. एल. वेन शस्त्रक्रियेत वेदना कमी करण्यासाठी विजेच्या सौम्य प्रवाहासह सुया वापरून पाहत होते. १९७२ मध्ये अफूचे व्यसन असलेल्या एका रुग्णाने सांगितले, की सुया लावल्यापासून अफूवाचून होणारा त्रासच थांबला. वेन यांनी अफू आणि हेरॉइनच्या चाळीस व्यसनींवर हा प्रयोग करून १९७३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात तुलनागट नव्हता. न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयाने ही पद्धत उचलली, वीजप्रवाह काढून टाकला, आणि तिथल्या डॉ. मायकेल स्मिथ यांच्या पुढाकाराने कानातल्या पाच बिंदूंचा ठरीव उपचार आकाराला आला. तो शिकवणारी ‘नाडा’ ही संस्था १९८५ मध्ये उभी राहिली. अफूकडून सिगारेटकडे ही उडी कोणत्याही पुराव्याशिवाय, केवळ ‘व्यसन ते व्यसन’ या न्यायाने मारली गेली. अफू आणि निकोटीन मेंदूतल्या वेगवेगळ्या ग्राहींवर काम करतात, हे त्या उत्साहात मागे पडले.

भारतात अ‍ॅक्युपंक्चर आणण्याचे श्रेय डॉ. विजयकुमार बसूंना दिले जाते. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे सहकारी होते. कोटणीसांचा तिथेच मृत्यू झाला. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदाही केला आहे. कायद्याने व्यवसायाला शिस्त लागते. एखादा उपचार एखाद्या विशिष्ट व्याधीवर चालतो की नाही, हे मात्र कायदा ठरवू शकत नाही.

सुई काम कशी करत असावी, याचे आधुनिक स्पष्टीकरण दोन प्रकारे दिले जाते. टोचण्याने शरीरातली एंडॉर्फिने सुटतात, हे एक. आणि कानाच्या खोलगट भागात व्हेगस मज्जातंतूची शाखा त्वचेपर्यंत येते, तिला चेतवल्याने मन शांत होते, हे दुसरे. दुसरी कल्पना विचार करण्याजोगी आहे. पण एखादी यंत्रणा संभवते म्हणजे परिणाम सिद्ध झाला असे होत नाही.

खोटी सुई

परिणाम सिद्ध करायचा तर माणसांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी लागते : एका गटाला ‘योग्य’ बिंदूंवर सुया, दुसऱ्याला भलत्याच जागी. आपण कोणत्या गटात आहोत हे माणसाला कळू द्यायचे नाही. सुई आणि तिच्यासारख्या उपचारांवरच्या ३८ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा एड्रियन व्हाइट आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अद्ययावत केला. उपचारानंतर लगेच मोजले, तर खऱ्या सुयांच्या गटात यश खोट्या सुयांच्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक होते. म्हणजे खोट्या गटात शंभरांपैकी वीस सुटले असतील, तर खऱ्या गटात चोवीसच्या आसपास. सहा महिने ते वर्षभरानंतर हा फरक विश्वास ठेवण्याजोगा उरला नाही. निकोटीनच्या च्युइंगगम-पट्ट्यांशी तुलना केली, तेव्हा सुई मागे पडली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या ६५१ जणांच्या चाचणीतही हेच चित्र होते : महिनाभराने सुई आणि च्युइंगगम दोन्ही गट तुलनागटापेक्षा पुढे, आणि वर्षभरात सगळ्याच गटांचे यश बरेच ओसरलेले.

अ‍ॅक्युपंक्चरचे जाणकार यावर एक आक्षेप घेतात आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्यांचे म्हणणे असे की कानात कुठेही टोचले तरी मज्जातंतू चेततातच. मग ‘खोटी’ सुई निष्क्रिय कुठे राहिली? तिच्याशी तुलना केल्याने खऱ्या सुईचा गुण कमी दिसतो. हे मान्य केले तर त्याचे पुढचे पाऊलही मान्य करावे लागते. कुठेही टोचले तरी चालत असेल, तर फुफ्फुसाचा बिंदू, यकृताचा बिंदू, उलट्या गर्भाचा नकाशा, या साऱ्याला सिगारेटच्या बाबतीत आधार उरत नाही. आणि मग तुलना सुई न टोचणाऱ्यांशी करावी लागते. तशा तुलना थोड्याच झाल्या आहेत आणि दीर्घकाळाच्या यशाबद्दल त्यांतून खात्रीचे काही हाती लागत नाही. आक्षेपाने नकाशा वाचत नाही आणि उपचारही सिद्ध होत नाही.

माझे मत इथे स्पष्ट सांगतो. पहिल्या काही आठवड्यांत सुईचा थोडा उपयोग होत असावा. सिगारेट कायमची सोडवण्याचा स्वतंत्र उपचार म्हणून तिची शिफारस करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखूमुक्तीच्या उपचारांची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतही पारंपरिक आणि पर्यायी उपचारांच्या बाजूने वा विरुद्ध शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असाच निष्कर्ष आहे.

पुण्याची योगपद्धती, अमेरिकेतली चाचणी

योगाचा पुरावा अधिक प्रामाणिकपणे गोळा केला गेला आहे. बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यात घडवलेली योगपद्धती अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात बेथ बॉक आणि सहकाऱ्यांनी धूम्रपानमुक्तीसाठी तपासली. २२७ जणांची चिठ्ठ्या टाकून विभागणी झाली. दोन्ही गटांना समुपदेशन होते; एका गटाला आठ आठवडे योगवर्ग, दुसऱ्याला तेवढाच वेळ आरोग्यविषयक वर्ग. आठ आठवड्यांनंतर योगगटात सिगारेट सुटण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी अधिक होती. सहा महिन्यांनंतर दोन्ही गट सारखे झाले. वर्ग बंद झाले आणि परिणामही थांबला. योग हा रोजचा असतो, असे अय्यंगारांच्या परंपरेतला कोणीही सांगेल. तेव्हा आठ आठवड्यांनंतर साधना चालू ठेवणाऱ्यांचे काय होते, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी तो हाती घ्यायला हवा.

सजगतेच्या ध्यानाची वाटचाल थोडक्यात सांगण्याजोगी आहे. येल विद्यापीठात जडसन ब्रूअर यांच्या ८८ जणांच्या चाचणीत सतरा आठवड्यांनंतर ध्यानगटात ३१ टक्के आणि नेहमीच्या कार्यक्रमात ६ टक्के यश दिसले. २०११ मध्ये या निकालाचा गाजावाजा झाला. २०२२ पर्यंत २१ चाचण्या जमल्या आणि एकत्र पाहिल्यावर ठोस फायदा दिसला नाही. लहान चाचणीतला मोठा आकडा पाहून निर्णय घेऊ नये.

कसोटीला उतरलेली वनस्पती

‘आधुनिक वैद्यक वनस्पतींना संधीच देत नाही’ ही तक्रार या क्षेत्रात टिकत नाही. लॅबर्नम नावाचे पिवळ्या घोसांचे युरोपीय झाड आहे. त्याच्या बियांतले सायटिसीन हे द्रव्य निकोटीनच्याच ग्राहींना अर्धवट चेतवते : तलफ शमते, आणि वर सिगारेट ओढली तर तिची मजा उतरते. बल्गेरियात १९६४ पासून त्याच्या गोळ्या मिळतात. पूर्व युरोपात दशकानुदशके त्या वापरल्या गेल्या, पण कठोर चाचणी झाली नव्हती. ती वॉर्सा इथे ७४० जणांवर झाली आणि २०११ मध्ये निकाल आला. पंचवीस दिवसांच्या गोळ्यांनंतर वर्षभर मुक्त राहिलेले ८.४ टक्के, बनावट गोळी घेतलेले २.४ टक्के. न्यूझीलंडमध्ये १,३१० जणांच्या चाचणीत तर सायटिसीनने निकोटीनच्या पट्ट्या-च्युइंगगमला मागे टाकले. महिनाभरानंतर सायटिसीनच्या गटात ४० टक्के, तर दुसऱ्या गटात ३१ टक्के यश. मळमळ आणि झोपेच्या तक्रारी मात्र सायटिसीनच्या गटात अधिक होत्या. व्हारेनिक्लिन हे आजचे प्रभावी औषध सायटिसीनच्याच रेणूवरून घडवले गेले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूत्रांत दोन्हींची शिफारस आहे.

८.४ हा आकडा छोटा वाटेल. पण तो वर्षभरानंतरचा आहे, श्वास तपासून मोजलेला आहे आणि बनावट गोळीच्या साडेतीनपट आहे. जाहिरातीतल्या नव्वद टक्क्यांपेक्षा तो कितीतरी मोलाचा. आणखी एक ध्यानात ठेवावे : लॅबर्नमचे झाड विषारी आहे. मोजून, शुद्ध करून, ठरावीक मात्रेत दिले म्हणून त्याचे औषध झाले. ‘नैसर्गिक आहे, मग अपाय कसला’ हे वाक्य ऐकले की हे झाड आठवावे. तुळस-लवंगेच्या ‘हर्बल’ सिगारेटींचेही तेच : त्यांत निकोटीन नसेल, पण कोणतेही पान जाळले की कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर तयार होतेच, आणि हाताला-ओठांना लागलेली सवय तशीच राहते. सिगारेट सोडण्याचा उपाय म्हणून त्या विकणे हा घातक प्रकार आहे.

आपल्याकडचा प्रश्न

वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या चाचण्या पाश्चात्त्य सिगारेट ओढणाऱ्यांवर झाल्या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू घेतात, ओढणारे ३.८ टक्के, तर मळून, चघळून, दाढेत धरून किंवा मिश्री लावून घेणारे २४.४ टक्के. गोव्यात एकूण प्रमाण ९.७ टक्के आहे. देशात सिगारेटपेक्षा विडी ओढणारे जास्त आहेत. दिवसभर शेतावर किंवा बांधकामावर राबणाऱ्या विडीवाल्याला आठवड्यातून तीनदा तालुक्याला जाऊन सुया टोचून घेणे परवडत नाही. तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. सकाळी मिश्री लावणाऱ्या बाईसाठी तर या उपचारांकडे सांगण्यासारखे काहीच नाही.

मग या उपचारांतून घ्यायचे काय? बारकाईने पाहिले तर सुईभोवती बऱ्याच उपयोगी गोष्टी आहेत. सोडण्याची तारीख ठरते. पहिल्या कठीण आठवड्यांत कोणीतरी वारंवार भेटते, चौकशी करते, ऐकून घेते. अर्धा तास धुराशिवाय स्वस्थ बसण्याचा सराव होतो. काही उपचारक कानावर बारीक बी चिकटवून देतात आणि तलफ आली की ते दाबायला सांगतात. तलफ काही मिनिटांतच उतरते, तेवढा वेळ हाताला काम मिळते. या साऱ्याला सुईची गरज नाही. प्रत्यक्ष भेटून केलेल्या समुपदेशनाने यशाचे प्रमाण दीडपटीच्या आसपास वाढते, निकोटीनच्या च्युइंगगम-पट्ट्यांनीही साधारण तेवढेच, आणि दोन्ही मिळून अधिक. ज्याची सुईवर किंवा ध्यानावर श्रद्धा आहे त्याने ते जरूर करावे, पण या दोहोंच्या जोडीला. च्युइंगगमसुद्धा नीट वापरावे लागते : सावकाश चावायचे, तोंडात चुरचुर सुरू झाली की गालाशी दाबून ठेवायचे, चुरचुर गेली की पुन्हा चावायचे, आणि चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे घ्यायचे नाही. अनेकांना ‘उपयोग झाला नाही’ असे वाटते, त्यामागे ते भराभर चावून टाकणे हेच कारण असते.

उपचारकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक माणसाची नोंद ठेवा, सहा महिन्यांनी फोन करा, फोन न उचलणाऱ्याला अपयशात धरा आणि मग आपला आकडा सांगा. आणि ज्याची सिगारेट सुटली नाही त्याला ‘तुमची इच्छाशक्तीच कमी पडली’ असे कधीही म्हणू नका. बहुतेकांना कायमचे सुटण्याआधी अनेकदा सोडावे लागते. तो दोष स्वभावाचा नसून निकोटीनचा आहे.

आणि सोडू पाहणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वी विचारावे : तुमच्याकडे आलेल्या शंभरांपैकी वर्षानंतर किती जण मुक्त असतात, हे तुम्ही कसे मोजले, आणि सुटले नाही तर पुढे काय कराल? सुया नव्या, एकदाच वापरायच्या आहेत ना, हेही विचारावे, कारण कानाच्या कूर्चेला जंतुसंसर्ग झाला तर तो चिवट असतो. उत्तरे टाळली गेली, तर उठून यावे. सरकारची तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ पासून चालू आहे, मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही तिचे केंद्र आहे, आणि समुपदेशन फुकट मिळते. सिगारेट, विडी, तंबाखू या सगळ्यांसाठी क्रमांक एकच : १८००-११-२३५६. तो पाकिटावरच छापलेला असतो; पुढची सिगारेट काढण्याआधी लावून पाहा.